एक चक्रवाक, दोन वह्या

मार्गळी लागली, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष धरा, की मद्रासमधल्या आमच्या वेलचेरीच्या गल्लीत उजाडायच्या सुमाराला सडे पडतात आणि दारोदार पांढऱ्या कोलमच्या रेघा उमटतात. इथल्या रांगोळीला कोलम म्हणतात. ज्यांना अजून कुठून तरी शेण मिळतं त्या बायका मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. देवळातला भोंगा सुरू होतो. आमचा वॉचमन माकडटोपी कानावर ओढून, जणू काश्मीरच्या सरहद्दीवर आहे अशा थाटात गेटपाशी बसतो. देशावरून आलेल्या माणसाला हसू यावं अशी ही थंडी. मलाही पहिली काही वर्षं आलं. आता मीही स्वेटर घालते आणि घरातल्यांना सांगते, बाहेर गार आहे हो.

या दिवसांत माझा फोनही लवकर जागा होतो. आमचा पाखरं बघणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कुठल्या तळ्यावर काय नवं उतरलं याच्या खबरा त्यावर येतात. आज सकाळी दूध तापत ठेवलं आणि फोन बघितला, तर दिव्याचा निरोप होता. ही दिव्या म्हणजे सिरुसेरीला कंप्युटरच्या कंपनीत काम करणारी तमिळ मुलगी. ग्रुप तीच सांभाळते, टेलिस्कोप तिचाच, गाडीही तिचीच. तिनं लिहिलं होतं, सिरुसेरीच्या तळ्यावर चक्रवाक. एक.

दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं. त्या ‘एक’वर माझी नजर अडकून राहिली होती.

आता चक्रवाक म्हणजे काय ते सांगते. माझं माहेर भीमेच्या काठाचं. थंडीत नदीचं पाणी उतरलं की वाळूचे पट्टे उघडे पडायचे आणि त्यांवर ही बदकं येऊन बसायची. विटेच्या रंगाचं भरदार अंग, डोकं फिकट, शेपूट काळी. आम्ही त्यांना नुसती तांबडी बदकं म्हणायचो. हरभऱ्यात शिरली की हुसकायचो. त्यांच्याकडे कौतुकानं बघावं असं काही असतं हे मला सातवीपर्यंत, म्हणजे माझ्या शाळेच्या शेवटापर्यंत, कुणी सांगितलं नाही. मग लग्न झालं, मद्रासजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यातल्या यांच्या नोकरीपायी इकडे आले, आणि ती बदकं मागे राहिली. इकडे ती येत नाहीत. आलंच तर वर्षादोनवर्षांनी एखादं चुकून येतं. तिकडे ज्याला हुसकत होते त्याच्यासाठी इकडे चाळीस-पन्नास किलोमीटर जायचं. हे आमच्या ह्यांना कळत नाही. ते म्हणतात, बदकच बघायचं तर खालच्या डबक्यात चार आहेत, तिकीट नाही.

हा नाद मला लावला तळमजल्यावरच्या कमलाबाईंनी. कमलाबाई तंजावरच्या मराठी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांची माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर बहिणीशी बोलत होते, मोठ्यानंच, माझं बोलणं मोठ्यानंच असतं. लिफ्ट थांबली तरी त्या उतरल्या नाहीत. माझा फोन संपल्यावर तमिळ हेल काढत म्हणाल्या, “तुमचें गांव कोणतें?” मला वाटलं एखादी जुनी पोथीच बोलतेय. त्यांच्या घरातली मराठी अशीच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली ती तशीच जपून ठेवलेली, मधूनमधून तमिळ शब्दांची फोडणी. माझ्या मराठीला त्या ‘धावती’ म्हणतात. तोंडावर म्हणतात.

त्यांनीच मला दुर्बीण धरायला शिकवली. पाणथळीच्या कडेला उभं राहून, कचऱ्याच्या ढिगाचा वास नाकात घेत, पल्लीकरणैचे रोहित पक्षी आणि त्यांच्या मागे काचेच्या इमारती असं एकाच वेळी बघायला शिकवलं. आणि वही ठेवायला शिकवलं. ग्रुपमध्ये त्यांचा एक नियम चालतो. दुर्मीळ पाखरू नोंदवायचं तर फोटो हवा, किंवा दोन माणसांनी वेगवेगळं लिहिलेलं हवं. पाखरू दिसलं की तोंड मिटायचं. पाठीला पाठ लावून बसायचं, जे दिसलं ते आपापल्या वहीत लिहायचं, मग वह्या बदलायच्या, आणि त्यानंतरच बोलायचं. दोघांच्या आकड्यात फरक पडला तर लहान आकडा धरायचा. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेली बाई ती. त्यांचं म्हणणं असं, की एकानं मोठ्यानं गरुड म्हटलं की बाकीच्या चौघांना घारीतही गरुड दिसतो, आणि ते चौघे खोटं बोलत नसतात हेच तर अवघड असतं.

हा नियम माझ्यासारखीला किती जड जात असेल ते तुम्हीच बघा. मी बोलत बोलत कांदा चिरते, बोलत बोलत देवाची पूजा करते. ग्रुपवर टाकायला फोटो काढायचाही प्रयत्न केला. माझ्या फोनमधल्या फोटोत तळं येतं, आभाळ येतं, आणि पाखराच्या जागी एक ठिपका येतो. दिव्या प्रेमानं म्हणते, आंटी, ठिपका फार छान आलाय.

मला आठवतो तो हिवाळा दोन वर्षांमागचा. ईशान्येचा पाऊस त्या साली उशिरापर्यंत रेंगाळला होता. आमच्या जिन्याच्या भिंतीवर मागच्या एका पुराची रेघ आहे, पाणी तिच्यापर्यंत येतं की काय म्हणून सगळी इमारत जिन्यात डोकावत होती. तळमजल्याच्या कमलाबाई तेवढ्या शांत. त्यांना काळजी दुसरीच होती. डोळ्यांच्या पडद्याच्या मधोमध डाग पडायला लागला होता. एका डोळ्याचं मधलं गेलंच होतं, दुसऱ्यात महिन्याला सुई टोचत होते. त्या हसून सांगायच्या, “माणूस समोर आलें म्हणजे त्याचे कान दिसतात. तोंडाच्या जागीं धुकें.” मग म्हणायच्या, ज्यांचे कान ओळखीचे नाहीत त्यांच्याशी बोलायचं अवघड झालंय.

त्यांनी आयुष्यात नाना पाखरं बघितली होती. चक्रवाक मात्र नाही. लहानपणी तंजावरला आईबरोबर कीर्तनाला बसल्या की चक्रवाकाच्या जोडीची गोष्ट हमखास यायची. दिवसभर दोघं बरोबर असतात, सूर्य मावळला की नदीच्या दोन काठांना होतात, एकमेकांना हाका मारत राहतात. आई डोळे पुसायची. कमलाबाईंना तेव्हापासून शंका होती की हे खरं नसावं. पण खरंखोटं करायला आधी पाखरू तर दिसायला हवं. “सत्तर वर्षें नुसतें नांव ऐकत्यें,” त्या म्हणाल्या. “आता डोळे आहेत तोंवर एकदा पाहावें.” आणि त्या साली मार्गळीच्या पहिल्याच आठवड्यात खबर आली, ओरगडमच्या बाजूच्या एका तळ्यावर चक्रवाक उतरलाय.

रविवारी दिव्यानं गाडी काढली. ओरगडमची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना कारखाने. कुंपणांच्या आत कोरे ट्रक रांगेनं उभे, अजून नंबरसुद्धा न लागलेले. तिथून आत वळलं की एकदम भातखाचरं आणि तळ्याचा बांध. दिव्यानं टेलिस्कोप उभा करून दिला आणि ती दुसऱ्या टोकाला बघायला गेली. आधी मी डोळा लावला, उंचीचा अंदाज घ्यायचा म्हणून. आणि पलीकडच्या काठाला, तुटक्या ताडाच्या बुंध्याशी, ते बसलं होतं.

काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. नदीचं गार पाणी, ओल्या वाळूत रुतणाऱ्या टाचा, हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास हाताला, सगळं एका दमात आलं आणि तोंडातून सांडलं. मी कमलाबाईंचा दंड धरला आणि म्हटलं, अहो बघा, ताडाच्या बुंध्याच्या डावीकडं, तांबडं अंग, डोकं फिकट, चोच काळी, शेपूट काळी, आता मान वळवली बघा, तेच, आमच्याकडचंच.

त्या वाकल्या. टेलिस्कोपला डोळा लावून बराच वेळ राहिल्या. मग बाजूला झाल्या, पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं. आणि उचललं. टोपण परत लावलं.

मी विचारलं, दिसला ना?

“काय जाणे,” त्या म्हणाल्या. “मला दिसलें तें तुमचें बोलणें होतें.”

रागावून नाही म्हणाल्या. तेच वाईट होतं. एक तांबूस पुंजका दिसला होता म्हणे, पण तो डोळ्यानं आणला की माझ्या शब्दांनी, ते त्यांना आता वेगळं करता येत नव्हतं. मी आधी काही बोलले नसते तर त्या पुंजक्यावर डोळा ठेवून शेपूट शोधली असती, चोच शोधली असती, वेळ घेतला असता. आता काय शोधणार, सगळी उत्तरं तर मी फळ्यावर लिहून ठेवली होती. दिव्या परत आली तेव्हा म्हणाली, टीचर, तुम्ही टेलिस्कोपमधून पाहिलंत ना, मग नोंदवू या की. कमलाबाई नको म्हणाल्या. तेवढ्यात कुत्री बांधावरून धावली आणि चक्रवाक उठून गेला.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्यांना डब्यातली डांगर पच्चडी वाढली, उडदाच्या पिठाची, त्यांच्या घरची. माझ्या हातावर सगळ्यात जास्त ठेवली. मी गप्प होते. गप्प राहायची वेळ निघून गेल्यावर मी गप्प होते.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्या एका बदकाच्या मागावर होतो. पेरुंबाक्कमला आहे म्हणून कळलं, गेलो, तर तिथे शेकडो पाणकोंबड्या, तो नाही. ओरगडमला परत गेलो, ताडाचा बुंधा तेवढा होता. दरम्यान डॉक्टरांनी कमलाबाईंना सांगितलं की दुसरा डोळाही ऐकत नाहीये. त्या मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, पुढच्या हिवाळ्याचं मी काही कबूल करत नाही. जसं एखाद्या लग्नाला यायचं कबूल करत नाही म्हणावं तसं. मी निवडलेली मेथी परत न निवडलेल्या मेथीत टाकली.

घरी ह्यांना म्हटलं, आता परत दिसला तर मी एक अवाक्षर बोलणार नाही. हे पेपर खाली न घेता म्हणाले, “तू गप्प? त्यापेक्षा बदक दिसायची शक्यता जास्त आहे.” पण माणूस मनाचा चांगला. दुसऱ्या दिवशी आवळासुपारीची डबी आणून दिली. म्हणाले, तोंडात धर, चघळू नको, नुसती धर.

आणि मग सिरुसेरीची खबर आली. आठवड्याचा मधला दिवस होता. दिव्यानं ऑफिसला जाताना आम्हाला तळ्याच्या बांधावर सोडलं, टेलिस्कोप लावून दिला, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून निघून गेली. समोर पाणी, त्याच्यामागे त्या काचेच्या भल्यामोठ्या इमारती, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. पाण्यातून एक चिखलाची जीभ पुढे आलेली. तिच्या डाव्या अंगाला, जरा दूर, वेड्या बाभळींची जाळी आणि तिच्या बुडाशी उंच गवत. आम्ही दोघी दगडांवर बसलो, आपापल्या दुर्बिणी घेऊन. मी आवळासुपारी तोंडात टाकली.

पाऊण तास झाला असेल. दुर्बीण फिरवता फिरवता चिखलाच्या जिभेवर आले आणि तो तिथे होता. ऊन त्याच्यावर पडलं होतं. पंखाखाली चोच घालून पिसं साफ करत होता, आमच्या नदीवर करायचे तसाच, काही घाई नसल्यासारखा. माझी आवळासुपारी दाढेखाली कडकन फुटली. मी ओठ मिटले.

कमलाबाईंकडे बघितलं. त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली होती आणि त्या बाभळीकडे बघत होत्या.

सांगते तुम्हाला, नुसतं ‘उजवीकडे’ एवढा एक शब्द. तेवढा बोलायचा होता. टेलिस्कोप हातभर वळवून दिला असता. त्यांच्या डोळ्यांचा शेवटचा हिवाळा, ते बदक केव्हाही उडेल, आणि ही बाई बाभळी बघतेय. मग त्यांनी हळूच मान वळवली, थेट चिखलाच्या जिभेकडे. मला वाटलं, सापडला. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्यांनी परत बाभळीकडे तोंड केलं. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले. बोलले तर ते त्यांचं राहणार नाही, न बोलले तर कदाचित मुळीच मिळणार नाही. इतकी वर्षं बोलून मी माणसांना काय काय देत आलेय असं मला वाटायचं. त्या दगडावर बसून पहिल्यांदा मनात आलं, की त्यातलं किती मी देत होते आणि किती हिसकावून घेत होते.

बाभळींच्या मागून म्हशी आल्या. गवतातून पाण्यात उतरल्या. चक्रवाक उठला, पंख उघडले, आतली पांढरीशुभ्र पट्टी चमकली, आणि तो इमारतींच्या बाजूला निघून गेला. कमलाबाईंचं तोंड अजून बाभळीकडेच.

मला रडू येत होतं. त्या म्हणाल्या, “लिहा.”

पाठीला पाठ लावून बसलो. माझं चार ओळींत झालं. त्यांच्या पेनाचा आवाज मात्र येत राहिला. जाड पेन, मोठमोठी अक्षरं, पानावर तीन ओळी मावायच्या. मी वाट बघत होते. काय लिहीत असतील ही बाई, बाभळीचं वर्णन?

वह्या बदलल्या. त्यांच्या पानावर होतं: ‘चक्रवाक. दोन. एक चिखलावर, पिसें साफ करीत. अंग नव्या कौलाच्या रंगाचें, डोकें साईच्या. दुसरें बाभळीखालीं गवतांत, बसलेलें, हाललें नाहीं. उडालें एकच. पंखांत पांढरें.’

मी तीनदा वाचलं. मग विचारलं, अहो, पण तुम्ही तर तिकडे बघतच नव्हता.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ज्याच्यावर डोळा धरावा ते नेमकं आता नाहीसं होतं. कडेचं मात्र अजून दिसतं. म्हणून बघायचं असेल त्याच्या बाजूला बघायचं. बाभळीवर नजर ठेवली की चिखलावरचा दिसत होता. चिखलावर नजर नेली, तर बाभळीखाली तांबडं काही बसलेलं कडेनं दिसलं. कितीतरी दिवस घरी सवय करत होत्या म्हणे, समोरच्या गॅलरीतली कुंडी दाराच्या कडीकडे बघून बघायची. मला सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही मला कडीकडे बघा, कुंडीकडे बघा करत राहिला असता.

ते खरंच होतं.

मी टेलिस्कोप वळवून बाभळीखाली बघितलं. म्हशींनी तुडवलेलं गवत होतं, एक वाळून तांबूस झालेली ताडाची झावळी होती. दुसरा चक्रवाक होता आणि म्हशींच्या आडून चालत आत गेला, की ती झावळीच होती, देव जाणे. माझ्या वहीत तर एकच होता. मी सगळा वेळ त्या एकावरच डोळा रोवून बसले होते. दुसऱ्यासाठी माझ्या डोळ्यांत जागाच नव्हती.

मी म्हटलं, मीही दोन लिहिते.

“दुसरा पाहिलात काय?”

“नाही.”

“मग एकच. लहान आकडा.”

संध्याकाळी आम्हाला न्यायला आलेल्या दिव्याला त्यांनी स्वतः सांगितलं, एक. ग्रुपच्या यादीत तसंच आहे, खाली दोघींची नावं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघत, त्या म्हणाल्या, “आईची गोष्ट खोटीच. रात्रीं वेगळे होतात म्हणे. हे तर भर उन्हांत वेगळे बसले होते.” आणि इतक्या हसल्या की दिव्यानं गाडी हळू केली.

मागचा हिवाळा कोरडा गेला. चक्रवाक आलाच नाही. कमलाबाईंची कडही आता धूसर होत चाललीये. मला कानांवरूनही ओळखत नाहीत, बोलण्यावरून ओळखतात, म्हणून निदान त्यांच्याकडे तरी मला बोलायला मोकळीक आहे. मी मात्र अलीकडे एक करते. पाखरू दिसलं की मोजून थोडा वेळ त्याच्यावरून नजर काढते आणि आजूबाजूला बघते. गवतात, सावलीत, बाभळीखाली. बहुतेक वेळा काही नसतं.

आज सकाळचा निरोप घेऊन मी खाली गेले. दार उघडंच होतं. कोलम त्यांनी अजूनही स्वतः काढलेला, दारापुढे, रेघा जरा एकमेकींना चुकवून गेलेल्या. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, सिरुसेरीला चक्रवाक आलाय, दिव्या म्हणते एक आहे.

त्या कॉफी ओतत होत्या. बोट पेल्याच्या काठावर ठेवून, बोटाला ऊब लागली की थांबायचं, अशी त्यांची आता रीत आहे.

“एक, हें कोणी पाहिलें?” त्या म्हणाल्या. “जाऊं. बसूं. लिहूं. मग बोलूं.”

मी वर आले. पिशवीत दुर्बीण टाकली, दोन वह्या टाकल्या, त्यांच्यासाठी नवं जाड पेन टाकलं. आवळासुपारीची डबी सगळ्यात वर ठेवली.